पंचावन्न पत्त्यांचा होकार

धामणखेडं नावाच्या गावात राजा नव्हता, सावकार नव्हता आणि बोलणारा कोल्हाही नव्हता. तरी तिथे बोधकथा घडली. कारण त्या गावात एक वधूवर मंडळ होतं आणि त्या मंडळाचा स्वतःचा मेल सर्व्हर होता.

मेल सर्व्हर म्हटल्यावर कुणी घाबरू नये. तो एक साधा कॉम्प्युटर असतो. पत्र आलं की घ्यायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. मंडळाच्या कचेरीत पत्रिकांच्या कपाटाशेजारी एका स्टुलावर तो ठेवलेला होता.

आता एवढ्याशा मंडळाला स्वतःचा सर्व्हर कशाला, असं कुणीही विचारेल. त्याला कारण मंडळाची रीत. धामणखेड्यात लग्नाचा होकार कुणा एकाला कळवत नसत. दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना तो एकाच मेलने, एकाच वेळी जाई. आईवडील, काका, आत्या, मावश्या, मामा, मामांचे साडू, सगळे त्यात. पूर्वी एकदा एका आत्याला होकार अर्धा तास उशिरा कळला होता. ती लग्नाला आली, पण जेवली नाही. तिची गावाने अशी धास्ती घेतली की ही रीतच पडून गेली. होकाराचा मेल जाईपर्यंत दोन्ही घरांनी एकमेकांना फोन करायचा नाही, हेही ठरलं. भेटीनंतर आठ दिवसांत मेल आला नाही, तर नकार समजायचा आणि कारण विचारायचं नाही. म्हणजे कुणाचं मन दुखायला नको.

बाहेरचे फुकट मेलवाले एवढ्या पत्त्यांचा मेल जाहिरात समजून अडवत. म्हणून दस्तगीर मुजावरांनी मंडळाला हा सर्व्हर उभारून दिला. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. पुढे ते लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा सर्व्हर त्यांनी विश्राम टेमकरच्या हवाली केला. विश्रामचं बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हुशार, हाताचा चपळ, मनाने चांगला. फक्त त्याला दोनदा सांगितलेलं खपत नसे आणि एकदा सांगितलेलं लक्षात राहत नसे.

"सर्व्हरने कसं वागायचं ते दोन फाइलींत लिहिलेलं असतं," चाचा म्हणाले. "ही थोरली. सर्व्हर बनवणाऱ्यांनी दिलेली. हिला हात लावायचा नाही. ही धाकटी. आपलं जे काही वेगळं असेल ते हिच्यात लिहायचं. सर्व्हर आधी थोरली वाचतो, मग धाकटी. दोघींचं पटलं नाही, तर धाकटीचं ऐकतो."

"बहुतेक घरांत तसंच चालतं," मंडळाच्या अध्यक्ष सुलभा देशिंगकर म्हणाल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत.

"आणि थोरलीतच लिहिलं तर, चाचा? चालत नाही का?" विश्रामने विचारलं.

"चालतं की. नवी आवृत्ती येईपर्यंत छान चालतं. नवी आवृत्ती आली की ती आपली नवी थोरली घेऊन येते आणि जुनी काढून टाकते. धाकटीला मात्र ती शिवत नाही."

विश्रामने मान हलवली. मान हलवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे आपल्या सगळ्यांच्याच घरी माहीत असतं. चाचा गेले आणि पंधरवड्यातच विश्रामने थोरली उघडली.

त्याचंही अगदीच चुकलं असं नाही म्हणवत. थोरलीत सगळं कसं ओळीने मांडलेलं. जागेवर जायचं, आकडा बदलायचा, बाहेर पडायचं. धाकटीत सगळी ओळ आपली आपण लिहावी लागे. थोरलीच्या डोक्यावर बनवणाऱ्यांनी ठळक लिहून ठेवलं होतं की या फाइलीत बदल करू नयेत. विश्रामने ते वाचलं आणि खाली सरकला. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी ते लिहिलेलं असणार, असं त्याला वाटलं.

पहिली तक्रार आली फोटोंची. मुलीचे चार फोटो आणि पत्रिका एकत्र जोडली की मेल जड होई आणि सर्व्हर तो परत करी. विश्रामने वजनाची मर्यादा वाढवली. मग आली पत्त्यांची. चाचांच्या वेळी याद्या लहान असत, पण आता त्या वाढल्या होत्या आणि बनवणाऱ्यांनी एका मेलला तीसच पत्ते ठेवले होते. त्या बिचाऱ्यांना आपले साडू आणि व्याही कुठून माहीत असणार? विश्रामने तिसाचे शंभर केले. असं करता करता दीड वर्षात त्याने थोरलीत अकरा ठिकाणी बदल केले. कुठे काय बदललं, ते कागदाच्या चिटोऱ्यावरसुद्धा लिहिलं नाही.

"विश्रामचा हात लागला की काम झालंच म्हणून समजा," अक्का चारचौघांत सांगत. विश्राम लाजल्यासारखं करी, पण ते त्याला फार आवडे.

अधूनमधून पडद्यावर सूचना येई की नवी आवृत्ती आली आहे, घालू का? विश्राम 'नंतर' म्हणे. आपल्या अकरा बदलांचं काय होईल, हे त्याला आतून ठाऊक होतं. सर्व्हर जुना होत गेला आणि विश्राम त्याला चुचकारत राहिला.

एका सोमवारी सकाळी बनवणाऱ्यांचं पत्रच आलं. जुन्या आवृत्तीत एक भगदाड सापडलं आहे, चोर आत शिरू शकतात, ताबडतोब नवी आवृत्ती घाला.

"चोर शिरले तर काय नेतील?" अक्कांनी विचारलं.

"मुलींचे फोटो. घरांचे पत्ते."

"मग आज दुसरं काही करू नकोस."

विश्राम बसला. नवी आवृत्ती अर्ध्यावर आली आणि तिने प्रश्न केला: तुमची थोरली फाइल बदललेली दिसते, जुनीच ठेवू की नवी घालू? विश्राम म्हणाला, जुनीच ठेव. सर्व्हर सुरूच होईना. जुन्या फाइलीतल्या दोन ओळी नव्या सर्व्हरला कळतच नव्हत्या. मग तो म्हणाला, बरं बाई, नवी घाल. सर्व्हर लगेच सुरू झाला, पण विश्रामचे अकराच्या अकरा बदल पुसले गेले. धाकटीत चाचांनी लिहिलेल्या तीन ओळी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्या बघून विश्रामला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं.

आता आठवून आठवून सगळं पुन्हा करायचं होतं. तो बोटांवर मोजत गेला. फोटोंचं वजन, एक. मंडळाचं नाव, दोन. असं करत दहा बोटं संपली आणि त्याला वाटलं, झालं. अकराव्या बदलाला बोटच उरलं नाही. बरं, हे दहा बदल तरी त्याने कुठे लिहिले? पुन्हा थोरलीतच. आज घाई आहे, धाकटीचं पुढे बघू, असं म्हणून.

"सगळं पूर्वीसारखं झालं ना?" अक्कांनी विचारलं.

"जसंच्या तसं," विश्राम म्हणाला. त्याने काहीही तपासलं नव्हतं.

याच आठवड्यात गावात एक मोठी गोष्ट घडत होती. कावेरी लोंढे ही गावची जनावरांची डॉक्टर. वय बत्तीस. अकरा स्थळं तिने नाकारली होती आणि घरच्यांनी आता तिच्यापुढे तो विषय काढणं सोडलं होतं. मागल्या गुरुवारी बारावं स्थळ आलं. सत्यवान कोंढाळकर, डोंगरातला, मधमाश्या पाळणारा. चहा ठेवला आणि तेवढ्यात निरोप आला की एका म्हशीचं रेडकू अडलंय. कावेरी साडी खोचून निघाली. सत्यवानही उठला आणि मागोमाग गेला. दोन तास त्याने गरम पाण्याच्या बादल्या आणून दिल्या आणि एकही शहाणपणाचा सल्ला दिला नाही. रेडकू सुखरूप बाहेर आलं, तेव्हा तो कावेरीइतकाच हसला आणि जाताना मंडळात आपल्याकडून पसंती सांगून गेला.

कावेरीने सहा दिवस विचार केला. विचार असा नव्हताच, ती आपल्या मनाची खात्री करून घेत होती. बुधवारी दुपारी ती कचेरीत आली आणि म्हणाली, "अक्का, होकार पाठवा." अक्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दहा वर्षं त्या या वाक्याची वाट पाहत होत्या.

पंचावन्न पत्ते होते. आधी मुलीकडचे एकतीस, मग मुलाकडचे चोवीस. अक्कांनी मेल धाडला. सर्व्हरने तीस पत्ते घेतले आणि आपल्या नोंदवहीत लिहिलं: पत्ते जास्त झाले, उरलेले घेतले नाहीत. मग तो गप्प राहिला. त्याची नोंदवही वाचायची पद्धत मंडळात कुणालाच नव्हती.

मुलीकडच्या घरांत आनंदीआनंद झाला. फोन खणखणू लागले. कावेरीच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. तिची आत्या तर त्याच संध्याकाळी मांडवाची जागा पावलांनी मोजून आली.

तिकडे डोंगरात काहीच पोचलं नव्हतं. सत्यवान सकाळ-संध्याकाळ टेकाडावर चढे, कारण रेंज तिथेच यायची. बुधवार गेला. गुरुवारची संध्याकाळ झाली आणि आठ दिवस भरले. त्याचे काका म्हणाले, "नकार समजायचा. रविवारी दुसरीकडे मुलगी बघायला जाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्या उघडताना त्याला तीन माश्या चावल्या. एरवी त्याला माश्या चावत नसत, आज त्याचं लक्षच नव्हतं.

आणि इकडे कावेरी फोनची वाट पाहत होती. होकार गेला की पहिला फोन मुलाकडचा, तोही तासाभरात, अशीच आजवरची रीत. बुधवारी आला नाही. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी सकाळी तिने एकच शेळी दोनदा तपासली. आयुष्यात पहिल्यांदा आपण हो म्हणालो आणि तेच कुणाला नकोसं झालं, असं तिला वाटू लागलं होतं. कुणाजवळ बोलावं, तर बोलण्यासारखंही ते नव्हतं.

त्याच शुक्रवारी अकरा वाजता कचेरीत ज्ञानोबामामा आले. कावेरीचे हे धाकटे मामा. यादीत त्यांचा नंबर एकतिसावा. छत्री त्यांनी टेबलावर आपटली.

"मला होकार कळवला नाही," ते म्हणाले. "केशकर्तनालयात बसलो होतो. तिथे मला पेढा दिला आणि वर सांगितलं, भाचीचं जमलं बरं का. माझ्या भाचीचं मला न्हाव्याने सांगावं?"

"मामा, तुमचं नाव होतं हो यादीत," अक्का कळवळून म्हणाल्या.

"तुमच्या फोनला रेंज नसेल," विश्राम म्हणाला.

मामांनी फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्यात त्या दिवशी सकाळीच आलेला खतांच्या जाहिरातीचा मेल होता. "खतवाल्याला रेंज मिळते आणि मंडळाला मिळत नाही?"

विश्रामने सर्व्हरची नोंदवही उघडली. ती ओळ त्याने वाचली आणि यादीशी ताडून पाहिली. तीस गेले होते. एकतिसावे मामा. बत्तिसावा सत्यवान. त्याच्यानंतर मुलाकडचं कुणी म्हणून कुणीही नाही.

त्याच्या पाठीमागे अक्का आणि मामा एका गोष्टीवर एक झाले होते. होकार मिळूनही फोन न करणारी मुलाकडची माणसं उद्धट आहेत, यावर त्यांचं भलतंच जमलं होतं. पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. विश्रामच्या मनात आलं, एका मिनिटात आकडा सुधारू, मेल पुन्हा धाडू आणि म्हणू की डोंगरात नेट बंद होतं. सगळ्यांना पटलंही असतं. डोंगरात नेट बंद असतंच.

पण गुरुवार उलटला होता. शुक्रवारी पोचलेला होकार बघून सत्यवानच्या घरचे काय म्हणाले असते? मुलीचं मन होत नव्हतं, शेवटी नाइलाजाने हो म्हणाली. विश्रामची चूक कावेरीच्या पदरात पडली असती आणि लग्नानंतरही जन्मभर तिथेच राहिली असती. हे लक्षात आलं आणि त्याला आपल्या त्या विचाराची लाज वाटली.

"अक्का," तो म्हणाला, "उद्धट कुणी नाही. चूक माझी आहे. होकार पंचवीस जणांना गेलेलाच नाही."

"त्यात मुलगा?"

"तोही."

अक्कांनी पत्त्यांची यादी ओढून घेतली आणि सत्यवानच्या नावावर बोट ठेवलं. ज्ञानोबामामांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे मला एकट्यालाच वगळलं नव्हतं तर," ते म्हणाले आणि त्यांनी छत्री उचलून काखेत घेतली.

विश्रामने पत्त्यांची मर्यादा पुन्हा शंभर केली. मग त्याने आपल्या नावाने पंचावन्न जणांना मेल लिहिला. आधी स्वतःचाच पत्ता पंचावन्न वेळा घालून एक मेल पाठवून बघितला. तो पोचला, तेव्हाच पुढचं बटण दाबलं. मेलमध्ये लिहिलं होतं:

"मी विश्राम टेमकर, मंडळाचा सर्व्हर सांभाळतो. कावेरी लोंढे यांचा होकार बुधवारी दुपारी बारा वाजता निघाला होता. माझ्या चुकीने तो अर्ध्या लोकांपर्यंत पोचलाच नाही. सर्व्हरमधला एक बदल करायला मी विसरलो आणि न तपासता सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. यात मुलीचा, तिच्या घरच्यांचा किंवा मंडळाचा काही दोष नाही. मी सर्वांची क्षमा मागतो."

मेल गेला आणि तिघंही फोनकडे बघत बसले. चार मिनिटांनी तो वाजला. पलीकडे वारा घोंघावत होता. सत्यवान त्या दिवशी दुपारीही टेकाडावर चढला होता.

"बुधवारी दुपारी बारा वाजता, असंच लिहिलंय ना?" त्याने विचारलं.

"होय," विश्राम म्हणाला. "साहेब, मला माफ करा."

"ते राहू द्या. म्हणजे तिने पुरते आठ दिवससुद्धा घेतले नाहीत." आणि तो इतक्या जोराने हसला की अक्कांना तो फोनबाहेर ऐकू आला. "आता फोन करायची परवानगी आहे ना मंडळाची? तिचा नंबर द्या."

कावेरी तेव्हा गोठ्यात होती. त्या फोनवर ती काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. पण गोठ्याचा मालक सांगतो की डॉक्टरीणबाई बोलता बोलता बैलाच्या गळ्यात हात टाकून उभ्या होत्या आणि बैलानेही हूं की चूं केलं नाही.

संध्याकाळी विश्रामने चाचांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बोलणी खायची त्याची तयारी होती.

"धाकटी जागेवर आहे ना?" चाचांनी विचारलं.

"आहे. तुमच्या तीन ओळी तशाच आहेत."

"मग आता तुझ्या लिही. आणि प्रत्येक ओळीसमोर कारणही लिही. आकडा सगळ्यांना दिसतो. तो का ठेवला, ते ठेवणारा गेला की कुणालाच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी विश्रामने थोरली बनवणाऱ्यांनी दिली होती तशी कोरी करकरीत परत ठेवली. आपले अकराच्या अकरा बदल त्याने धाकटीत लिहिले. काम तासाभराचं होतं. दीड वर्ष ज्याचा त्याने कंटाळा केला ते एका तासात झालं, याचंच त्याला हसू येत राहिलं.

लग्न धूमधडाक्यात झालं. पंचावन्नच्या पंचावन्न जण आले आणि मामांनी हट्टाने पंगतीत जिलबी वाढली. त्याच आठवड्यात सर्व्हरची पुन्हा नवी आवृत्ती आली. विश्रामने या खेपेला 'नंतर' म्हटलं नाही. नव्या आवृत्तीने काहीही विचारलं नाही. ती आपली थोरली घेऊन आली, धाकटी जिथल्या तिथे राहिली आणि अक्कांचा चहा येईपर्यंत काम संपलंसुद्धा. तरी विश्रामने पंचावन्न पत्त्यांचा मेल स्वतःला पाठवून पाहिला आणि मगच चहाचा कप उचलला.

लग्नानंतर कावेरी आणि सत्यवान मंडळाला मधाची बाटली द्यायला आले. कावेरी म्हणाली, "विश्रामदादा, ती धाकटी फाइल मला बघायचीय." विश्राम आढेवेढे घेऊ लागला. मग त्याने ती उघडून दिली. तिने वरून वाचत आणली आणि पत्त्यांच्या ओळीपाशी थांबली. तिथे लिहिलं होतं: एका मेलला पत्ते शंभर. कारण, बनवणाऱ्यांचे तीस ठेवले, तर नवरा मुलगा बत्तिसावा असतो.

कावेरी मोठ्याने हसली. मग तिने सत्यवानला ते वाचून दाखवलं आणि अचानक तिचे डोळे भरून आले. "ही ओळ कधी खोडू नका," ती म्हणाली.

तात्पर्य: दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूत आपल्या सोयीचे बदल खुशाल करावेत, पण ते आपल्या वेगळ्या जागी आणि कारणासकट लिहून ठेवावेत, म्हणजे नवं आलं तरी आपलं हरवत नाही. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर ती दुसऱ्याच्या माथी जायच्या आत आपल्या नावाने सांगून मोकळं व्हावं.